सिंदखेडचे जाधव : एका आडनांवाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा नकाशा समोर ठेवला म्हणजे एक मौज ध्यानांत येते. सिंदखेड राजा, देऊळगांव राजा, किनगांव राजा, आडगांव राजा, मेहुणा राजा अशीं गांवांचीं नांवें त्या टापूंत विखुरलेलीं आहेत. हा 'राजा' कोण, असा प्रश्न परक्या माणसास सहज पडावा. तो राजा म्हणजे जाधवांचें घराणें. चिपळूणचा तो चिपळूणकर, नागपूरचा तो नागपूरकर, ही आपल्याकडील नेहमींची रीत. येथें मात्र कुळाच्या पदवीचा ठसा उलट गांवांवर उमटला आहे.

आडनांवें पडण्याचे मार्ग सर्व देशांत थोडेफार सारखेच आहेत. इंग्रजांतला स्मिथ हा मूळचा लोहार. आपला कुलकर्णी व देशमुख हे वतनावरून झाले. सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे होती, त्या अर्थीं हें घराणें देशमुख या नांवानेंही सुखानें नांदलें असतें. तसें झालें नाहीं. वतनापेक्षां कुळाचें नांव मोठें, असें त्यांस वाटलें, आणि तें कां वाटलें यांतच या आडनांवाचा सारा इतिहास आहे.

'जाधव' हा शब्द 'यादव' या संस्कृत शब्दावरून आला, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. शब्दारंभींच्या 'य'चा प्राकृतांत 'ज' होतो : यव–जव, यात्रा–जत्रा, योगी–जोगी. 'द'चा 'ध' कसा झाला, याचें उत्तर इतकें सरळ नाहीं. उत्तरेंत करौलीच्या राजकुळाच्या 'जादौन' या नांवांत 'द' टिकून आहे. मराठी माणसाच्या तोंडीं तो महाप्राण झाला एवढें खरें. 'राव' म्हणजे 'राज' या शब्दाचेंच झिजलेलें रूप. तेव्हां 'जाधवराव' आणि 'यादवराज' यांत अर्थाचा कांहींच भेद नाहीं. एकाच पुरुषाचें नांव तीन लेखण्यांतून कसें उतरलें, हें पाहण्यासारखें आहे. लखुजी जाधव मराठी कागदांत जाधवराव आहेत; मोगलांच्या फारसी तवारिखांत ते जादूराय झाले; आणि कवीन्द्र परमानन्दानें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य रचतांना त्यांस पुन्हां यादवराज करून मूळपदावर नेऊन बसविलें.

आतां हें मूळपद कोणतें? बाराव्या शतकाच्या अखेरीस, ११८७ च्या सुमारास, पांचव्या भिल्लमानें देवगिरीस राजधानी केली. हे राजे आपणांस यदूचे वंशज म्हणवीत, आणि हेमाद्रीनें आपल्या ग्रंथाच्या आरंभीं त्यांची वंशावळ दिली आहे. १२९० सालीं ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हां गादीवर रामदेवराव होता. ज्ञानेश्वरांनीं त्याचा उल्लेख यदुवंशाचें भूषण म्हणूनच केला आहे. पुढें सहाच वर्षांनीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि १३१८ च्या सुमारास हरपाळदेवाच्या वधाबरोबर तें राज्य संपलें.

येथून लखुजींच्या उदयापर्यंत जवळजवळ पावणेतीनशें वर्षांची पोकळी आहे. जाधवांच्या वंशावळी ही पोकळी पिढ्यांचीं नांवें देऊन भरून काढतात. पण वंशावळी मागाहून लिहिल्या जातात, आणि वैभवाच्या काळांत लिहिलेल्या वंशावळींत पूर्वज नेहमींच थोर निघतात. ग्रँट डफनें १८२६ सालीं आपल्या इतिहासांत देवगिरीशीं असलेलें नातें संभवनीय मानलें. उलट हें कुळ करौलीकडून आलें, अशीही एक परंपरा आहे. सिंदखेड हें देवगिरीच्या जवळजवळ सरळ पूर्वेस, शंभर किलोमीटरांच्या आंत आहे. राज्य बुडालें तरी राजकुळाच्या शाखा मुलखांत उरतातच, हें लक्षांत घेतां देवगिरीचें पारडें जड दिसतें. त्याला पुरावा मात्र म्हणतां येणार नाहीं.

परंतु त्या काळच्या माणसांनीं पुराव्याची वाट पाहिली नाहीं. त्यांनीं हें नातें खरें मानलें व त्याप्रमाणें ते वागले. निजामशाहींत दहा हजार स्वारांची जहागीर बाळगणाऱ्या लखुजींनीं रंगाच्या उत्सवांत मुलीचा जोडा थट्टेनें मालोजी भोसल्यांच्या मुलाशीं जुळविला, मालोजींनीं तो शब्द धरून ठेवला, आणि जाधवांच्या घरांत तें कोणास रुचलें नाहीं, अशी बखरींतली कथा आहे. कथेंतला तपशील कसाही असो, तिच्यांत बोलतो तो देवगिरीचा अभिमान. जिजाबाई भोसल्यांच्या घरीं गेल्या. दोन्ही घराण्यांचें वैर मात्र शमलें नाहीं. दरबार सुटतांना खंडागळ्यांचा एक हत्ती बिथरला. त्या गर्दींत उसळलेल्या झटापटींत लखुजींचा पुत्र दत्ताजी पडला, आणि त्याचा सूड म्हणून शहाजींचा चुलत भाऊ संभाजी लखुजींच्या हातून मारला गेला. जिजाबाईंस एकाच दिवशीं माहेरचें व सासरचें सुतक आलें.

१६२९ सालीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत लखुजींचा दग्यानें खून झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी व रघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव हेही कापले गेले. दौलताबाद म्हणजेच देवगिरी. ज्या किल्ल्याचें नांव कुळाच्या अभिमानाचें मूळ, त्याच किल्ल्यांत तीन पिढ्यांचें रक्त सांडलें. सासऱ्याच्या खुनानंतर शहाजींनीं निजामशाहीची चाकरी सोडली.

पुढें हें आडनांव एका झेंड्याखालीं राहिलें नाहीं. अचलोजींच्या वंशांतले धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापति झाले, आणि त्यांचा पुत्र चंद्रसेन १७११ सालीं बाळाजी विश्वनाथाशीं बिनसल्यावर शाहूचा पक्ष सोडून अखेर निजामास मिळाला. पिलाजी जाधवराव मात्र बाजीरावांच्या बाजूस उभे राहिले. सिंदखेडच्या शेजारींच साखरखेर्डा येथें ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं निजामानें मुबारिजखानाचा पराभव केला व हैदराबादच्या राज्याचा पाया घातला.

आज जाधव हें आडनांव मराठ्यांत आहे, तसें बंजारा समाजांत व इतर कित्येक जातींतही आहे. हे सर्व देवगिरीचे वंशज खासच नव्हेत. स्कॉटलंडांत स्टुअर्ट म्हणजे मूळचा राजवाड्यावरील कारभारी. तें नांव राजकुळाचें झालें आणि मग शेंकडों साध्या घरांचेंही झालें. जाधव नांवाचेंही तसेंच घडलें असावें. धन्याचें कुळनांव चाकरानें, गांवच्या पाटलाचें नांव रयतेनें घेणें हें जुन्या समाजांत अपरिचित नव्हतें.

सिंदखेड राजा येथें जिजाबाईंच्या जन्माचा वाडा आहे, आणि लखुजींची प्रचंड समाधि आहे. समाधीच्या परिसरांत पुरातत्त्व खात्याचें काम चालू असतां २०२४ सालीं जमिनींतून शेषशायी विष्णूची एक भव्य मूर्ति वर आली. लखुजींच्या किती तरी आधीं त्या जागीं देवालय होतें.