चालत्या वहिवाटीचे मोल

विनामूल्य प्रणाली उपलब्ध असता कचेऱ्या दाम मोजून वर्ड-एक्सेललाच का चिकटून राहतात? आमच्या मते याचे उत्तर जर्मनीतील म्युनिक शहराच्या इतिहासात सापडते. २००३ साली तेथील नगरसभेने विंडोज सोडून मुक्त लिनक्स स्वीकारण्याचे ठरविले. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक पालटले. तथापि २०१७ साली सभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. बाहेरून येणारे दस्तऐवज वर्डच्या साच्यातले, त्यांची मांडणी विस्कटे. काही खात्यांच्या खास प्रणाली विंडोजवरच चालत. कलमाचा क्रमांक सरकला की केवढा घोटाळा होतो, हे आम्हां वकिलांस ठाऊक आहे. परवाना फुकट मिळतो. वहिवाट मोडण्याचा खर्च मात्र मोडणाऱ्यासच सोसावा लागतो. शेजारच्या कचेऱ्या सोबत निघतील, तरच तो हलका होईल.