हिराबाई पेडणेकरांची लेखणी

रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागरच्या दक्षिणेस, समुद्रकांठीं, पालशेत नांवाचें एक गांव आहे. मुंबईच्या नाट्यसृष्टीपासून दूर, या गांवीं नेने नांवाच्या गृहस्थांच्या आश्रयानें राहणाऱ्या एका बाईंचें १९५१ सालीं निधन झालें. त्या बाई म्हणजे मराठींतील आद्य स्त्री-नाटककारांत ज्यांची गणना होते त्या हिराबाई पेडणेकर. नाटक कोण लिहितें यापेक्षां तें कोणाच्या हातून लोकांपुढें येतें, हा प्रश्न त्यांच्या चरित्रांत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

१८८५ च्या सुमारास सावंतवाडी येथें नायकिणीच्या घराण्यांत जन्मलेल्या हिराबाई मुंबईंत गिरगांवांत वाढल्या. त्या काळच्या समाजाची रीत मोठी विचित्र होती. जिला गातां येई, चार ग्रंथ वाचतां येत, चारचौघांत बोलतां येई, तिला प्रतिष्ठा नसे. आणि जिला प्रतिष्ठा असे, तिला गाणें वर्ज्य व पुस्तक दुर्मिळ! हिराबाईंनीं संगीताबरोबर साहित्याचाही व्यासंग केला. कविता व कथा लिहिल्या, आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्या नाटककारास गुरुस्थानीं मानलें. त्यांच्या घरीं लेखकांची बैठक जमे. परंतु लेखकांच्या घरीं त्यांस तसेंच उघड स्थान मिळणें कठीण होतें.

वर्तमानपत्र ज्याला वाचतां येई त्याच्यासाठींच असे; नाटक मात्र साक्षर-निरक्षर सर्वांपर्यंत पोंचे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून संगीत नाटकानें महाराष्ट्रास वेड लावलें होतें. देवलांच्या 'शारदे'नें १८९९ सालीं जरठ-कुमारी विवाहावर असा आघात केला कीं, व्याख्यानांनीं जें झालें नाहीं तें त्या पदांनीं केलें. पण ही सारी व्यवस्था पुरुषांच्या हातीं होती. मालक पुरुष, लेखक पुरुष, आणि प्रमुख मंडळ्यांत नायिकेच्या वेषांतही पुरुषच. शारदेचें दुःख लिहिलें पुरुषानें आणि गाइलें मुलांनीं!

अशा काळीं, विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या हिराबाईंनीं १९०४ सालीं 'जयद्रथ-विडंबन' हें नाटक लिहिलें. महाभारतांत जयद्रथ वनवासी द्रौपदीचें हरण करूं पाहतो आणि पांडव त्याची विटंबना करतात, त्या कथेचें स्मरण हें नांव करून देतें. द्रौपदीच्या अपमानाचाच दुसरा प्रसंग घेऊन खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं आलें आणि पुढें सरकारनें त्यावर बंदी घातली. खाडिलकरांच्या कीचकांत लोकांनीं लॉर्ड कर्झनला पाहिलें. ज्या स्त्रीकडे समाज सदैव वांकड्या नजरेनें पाही, तिनें जयद्रथाची कथा निवडावी, यांतला अर्थ कोणी शोधला असेल, असें वाटत नाहीं.

त्यांचें दुसरें नाटक 'संगीत दामिनी' १९१२ सालीं केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनें रंगभूमीवर आणलें. एका नायकिणीच्या कन्येचें नाटक प्रतिष्ठित मंडळीनें उघडपणें करावें, हें केशवरावांच्या धैर्याचें द्योतक आहे. तथापि स्त्रीनें लिहिलेले स्त्रीचे शब्द येथेंही पुरुषाच्याच मुखांतून प्रेक्षकांच्या कानीं पडले.

लगेच पुढल्या वर्षीं गिरिजाबाई केळकरांनीं खाडिलकरांच्या 'बायकांचें बंड' या नाटकास 'पुरुषांचें बंड' लिहून उत्तर दिलें. १९२८ सालीं त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. तो मान त्यांस शोभणाराच होता. पण संसारी घरांतील गिरिजाबाईंना जें व्यासपीठ मिळालें, तें हिराबाईंना मिळालें नाहीं. कारण त्यांचें नाटक पाहण्यापूर्वी लोक त्यांचें कूळ पाहत. पुढें १९७६ सालीं वसंत कानेटकरांनीं त्यांच्या जीवनावर 'कस्तुरीमृग' हें नाटक लिहिलें. नाटककर्त्री स्वतःच नाटकांतील पात्र झाली! तिच्या जीवनाचें कुतूहल उरलें, तिचे शब्द मात्र मागें पडले.

आज परिस्थिति पालटली आहे. खिशांतल्या मोबाइलवर स्त्रिया स्वतः लिहून, स्वतः अभिनय करून चित्रमालिका प्रसिद्ध करतात. २०१६ सालीं निघालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' या मराठी वाहिनीच्या संस्थापकांत अनुषा नंदकुमार व पॉला मॅकग्लिन या दोघींचा समावेश आहे. सासर, लग्न, शरीर, नोकरी, कोणताही विषय आतां पडद्याआड ठेवण्याचें कारण उरलेलें नाहीं. कोंकणांतल्या मुलीलाही आपली गोष्ट सांगण्यास नाटक मंडळीच्या मालकाची परवानगी लागत नाहीं. हिराबाईंना जो दरवाजा दुसऱ्यानें उघडावा लागला, तो आज तिच्याच हातीं आहे.

परंतु दुसरा एक दरवाजा आहे, तो प्रेक्षकांच्या मनाचा. 'ती काय म्हणते' याआधीं 'ती कोण, कोणाची' हें विचारण्याची संवय यंत्रानें जात नाहीं. ती आपणच टाकली पाहिजे. त्याचा आरंभ घरापासून करावा. रत्नागिरीच्या एखाद्या वाचनालयानें किंवा हौशी नाट्यमंडळानें 'दामिनी' मिळवून तिचें जाहीर वाचन करावें, आणि यावेळीं तिचीं स्त्री-पात्रें स्त्रियांनींच वाचावीं.