फुरसं: कोकणच्या सड्यावरचा लहान साप आणि त्याचा मोठा इतिहास

कोकणात कुणाला साप चावला की पहिला प्रश्न येतो, "नाग होता काय?" नाग नव्हता, फुरसं होतं असं कळलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. हातभर लांबीचा साप, तो काय करणार! थोडी सूज येईल, चार दिवस दुखेल आणि उतरेल. हा समज जुना आहे आणि तो अनेकांच्या जिवावर बेतला आहे. विशेष म्हणजे तो चुकीचा असल्याचं सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या नोंदींवरून दिसून आलं होतं.

आठ दिवसांत एक लाख साप

देवगड, मालवण, वेंगुर्ला हे तालुके तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.) उघडा कातळ, विरळ गवत, दगडी गडगे, फटी आणि कपारी असलेला सडा म्हणजे फुरशाचं हक्काचं घर. इंग्रज सरकारने साप मारणाऱ्याला बक्षीस लावलं आणि लोकांनी सड्यावरचे दगड उलटायला सुरुवात केली. डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. पुढे सहा वर्षांची सरासरी काढली, तर वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास भरली.

एवढी फुरशी मारूनही ती संपली नाहीत. फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं आणि ती एका वेळी बरीच असतात. सडा तसाच राहिला, उंदीर, बेडूक, विंचू हे खाद्यही राहिलं, त्यामुळे फुरसंही राहिलं.

विडाल यांचा मुद्दा

या आकड्यांकडे अभ्यासू नजरेने पाहणारा एक सनदी अधिकारी होता, जी. डब्ल्यू. विडाल. निसर्गाच्या अभ्यासाची त्यांना आवड होती. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी विषारी सापांवर लेख लिहिला आणि त्यात सर्पदंशाच्या मृत्यूंची सरकारी आकडेवारी किती अपुरी आहे हे दाखवलं.

"सर्पदंशाने मृत्यू" एवढंच कागदावर लिहून चालत नाही, साप कोणता होता हे कळलं पाहिजे. त्या काळी सगळं लक्ष नागाकडे होतं. विडाल यांचं म्हणणं असं, की जिथे फुरसं मुबलक तिथे सर्पदंशाचे मृत्यूही जास्त दिसतात, म्हणून मुंबई इलाख्यातला मोठा गुन्हेगार हा दुर्लक्षित छोटा साप आहे.

मग लोकांच्या ते लक्षात का येत नव्हतं? कारण नागाच्या दंशाने माणूस काही तासांत जाऊ शकतो. साप आणि मृत्यू यांचा संबंध डोळ्यांसमोर दिसतो. फुरशाच्या दंशाने मात्र मृत्यू बऱ्याचदा काही दिवसांनी येतो. तोवर दंशाची गोष्ट मागे पडलेली असते. फुरशाचा खरा धोका त्याच्या या संथपणात आहे.

विष रक्तात काय करतं?

आपल्याला जखम झाली की रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून जाळी तयार होते आणि रक्त गोठतं. फुरशाच्या विषातले घटक ही यंत्रणा विनाकारण चालू करतात. रक्तात ठिकठिकाणी बारीक गुठळ्या होत राहतात आणि गोठण्याचा कच्चा माल संपून जातो. त्यानंतर रक्त गोठतच नाही. विषातले दुसरे घटक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करतात. मग हिरड्यांतून, दंशाच्या जागेवरून, लघवीतून रक्त येतं. मेंदूत रक्तस्राव झाला किंवा मूत्रपिंडं बंद पडली तर जीव धोक्यात येतो.

हे सगळं चालू असताना रुग्ण चालत असतो, बोलत असतो, जेवतही असतो. "बरं वाटतंय" या शब्दांवर म्हणूनच भरवसा ठेवता येत नाही.

एका सापाची लस दुसऱ्याला चालत नाही

फ्रान्सच्या अल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषावर सीरम तयार केलं, तेव्हा ते सगळ्याच सापांवर चालेल अशी आशा होती. ती फोल ठरली. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (तीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली) जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विषयावर प्रयोग केले. ज्या सापाचं विष घोड्याला टोचून सीरम बनवावं, ते मुख्यतः त्याच सापाविरुद्ध काम करतं, हे अशा प्रयोगांतून स्पष्ट झालं. म्हणजे नागाचं सीरम फुरशाच्या रुग्णाला वाचवू शकत नव्हतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालणारं औषध यायला आणखी काही दशकं जावी लागली. आज ज्याला लोक "सापाची लस" म्हणतात, ते हेच अँटीस्नेक व्हेनम.

मालवणच्या मच्छीमारांसाठी इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जाळ्यात समुद्री साप नेहमी सापडतात आणि गेल्या काही वर्षांत संशोधकांनी त्यांचा इथे अभ्यासही केला आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या लसीत समुद्री सापांचा समावेश नाही. त्यामुळे जाळ्यातला साप हाताने काढू नका. तो चावला तर फारसं दुखत नाही, सूजही कमी येते, तरीही लगेच रुग्णालय गाठा. स्नायू आणि श्वास यांवर लक्ष ठेवून उपचार करावे लागतात.

विषातून निघालेलं औषध

फुरशाच्या विषातला इकारिन हा घटक आज प्रयोगशाळेत रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी वापरतात. १९८० च्या दशकात या विषातून एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन वेगळं करण्यात आलं. ते रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या रचनेवरून टिरोफिबान हे औषध बनलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या झटक्यात, अँजिओप्लास्टीच्या वेळी ते वापरलं जातं.

दंश झाला तर

• रुग्णाला धीर द्या, चालवू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, जोडवी, बांगड्या, घड्याळ काढा.

• घट्ट आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, विष तोंडाने ओढू नका. पाला, मंत्र, उतारा यांत वेळ घालवू नका.

• साप पकडायला जाऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात जा.

• दवाखान्यात साध्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी आडवी केल्यावर रक्त वाहिलं तर विष रक्तात भिनलं आहे आणि लस द्यावी लागते. पहिली तपासणी चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील तेवढं थांबा.

• लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच लस लागते. साप विष मोजून सोडत नाही, त्यामुळे डोस वजनावर ठरत नाही.

आणि प्रतिबंध? रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. गडग्यात, लाकडांच्या राशीत, गवताच्या भाऱ्यात थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. काजू आणि आंब्याच्या बागेत काम करताना पायात गमबूट घाला.

"फुरसंच होतं ना, मग काही नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा, फुरसं होतं म्हणूनच आत्ता निघायचं.