शॅपचा चढ

इंग्लंडमधून स्कॉटलंडकडे जाणारा जुना ए-६ रस्ता शॅप नावाच्या डोंगरावरून जातो. उंची साधारण १,४०० फूट. सह्याद्रीत वाढलेल्याला ती किरकोळ वाटेल. पण १९७० साली एम-६ महामार्ग शॅपवरून सुरू झाला, तोवर पश्चिम बाजूची उत्तर-दक्षिण मालवाहतूक मुख्यतः याच चढावर अवलंबून होती. १९५५पर्यंत आठचाकी लॉरीला मालासकट २२ टनांची परवानगी होती, नंतर ती २४ टन झाली. आणि एवढं वजन ओढणाऱ्या गार्डनर इंजिनाची ताकद किती, तर ११२ अश्वशक्ती.

इंग्लंडमधल्या प्रेस्टनला आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका आजोबांनी असं इंजिन असलेली अ‍ॅटकिन्सन लॉरी या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालवली. ही लॉरी प्रेस्टनला लागून असलेल्या वॉल्टन-ले-डेलच्या कारखान्यात बनायची. रेडिएटरवर वर्तुळातलं मोठं ‘ए’ अक्षर असे. आजोबा म्हणायचे, “चढावर गाडी इतकी हळू चालायची की वाटलं तर उतरून शेजारून चालत जावं.” जड लॉऱ्यांना १९५७पर्यंत ताशी २० मैलांचीच मुभा होती, त्यामुळे लंडनहून ग्लासगोला जायचं तर वाटेत मुक्काम आलाच. केबिनमध्ये हीटर नसे. गुडघ्यांवर गोणपाट घ्यायचं आणि इंजिनाच्या झाकणाची ऊब एका पायाला मिळेल तेवढी घ्यायची.

१९६२-६३चा हिवाळा त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा यायचा. डिझेल गोठून मेणासारखं होई आणि नळ्या तुंबत. मग चिंध्या पेटवून टाकीखाली धरायच्या. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण माल पोचवायचा होता. बर्फात रस्ता बंद झाला की आसपासची शेतकरी कुटुंबं अनोळखी ड्रायव्हरांना घरात घेत, जेवू घालत. शॅपच्या माथ्याजवळ या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांचं एक स्मारक आहे. अडकलेल्यांना अन्न आणि आसरा देणाऱ्या गावकऱ्यांनाही त्यावर मान दिलेला आहे. बोर घाटात शिंग्रोबाला नाणं वाहून पुढे जाणारे ट्रकवाले मी लहानपणी पाहिले होते, म्हणून त्या दगडापुढे माझा हात आपोआप जोडला गेला.

आजोबांकडे त्यांच्या वडिलांच्याही गोष्टी होत्या. ते जवळच्याच लेलँड गावातल्या कारखान्यात कामाला होते. १८९६ साली वाफेवरच्या गाडीपासून सुरू झालेला हा उद्योग पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला हजारोंनी लॉऱ्या पुरवत होता. युद्ध संपल्यावर त्या लष्करी लॉऱ्या स्वस्तात बाजारात येऊ लागल्या. खिळखिळ्या गाड्या रस्त्यावर बंद पडल्या तर आपल्या नावाला बट्टा लागेल, म्हणून कंपनीने त्या मोठ्या संख्येने परत विकत घेतल्या, टेम्सकाठच्या किंग्स्टनला नेऊन पूर्ण खोलल्या, दुरुस्त केल्या आणि हमी देऊन पुन्हा विकल्या. त्यात पैसा फार अडकला. पण आपण घडवलेल्या वस्तूची इतकी जबाबदारी घेणारे लोक मला मोठे वाटतात.

आज ज्या जुन्या लॉऱ्या उरल्या आहेत, त्यातल्या कित्येक जत्रेवाल्यांमुळे उरल्या. वाहतूकदारांनी टाकून दिलेल्या गाड्या त्यांनी पाळणे ओढायला घेतल्या. काही गॅरेजवाल्यांकडे टोइंगसाठी राहिल्या, बाकी भंगारात गेल्या. आजोबांची मित्रमंडळी अशीच एक अ‍ॅटकिन्सन शेडमध्ये जिवंत करत होती आणि मी त्यांच्या हाताखाली लागले. तिच्या केबिनचा सांगाडा अ‍ॅशच्या लाकडाचा, वरून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. पत्रा टिकतो, लाकूड आतून कुजतं. कुजलेला तुकडाही फेकायचा नाही, कारण नव्या लाकडाचं माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं. गार्डनरचं इंजिन मात्र साफसफाई आणि नवे गॅस्केट एवढ्यावर पुन्हा बोलू लागलं. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनलेलं हे इंजिन मिनिटाला १,७००च्या वर फिरतच नाही, आणि त्याचं आयुष्य त्या संथपणात आहे.

चालवणं ही वेगळीच विद्या. गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा, त्यामुळे डबल क्लचशिवाय गिअर पडत नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला नेमकी रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. आजोबा शेजारी बसून सांगायचे, “काट्याकडे बघू नको, ऐक.” चढावर गिअर हुकला तर गाडी जागीच थांबते. उतारावर तर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे मरणच, कारण ब्रेक तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

हे शेवटचं वाक्य मी आधी साताऱ्याला ऐकलं होतं. माझे मामा खंबाटकी घाटातून लेलँड कॉमेट न्यायचे. लेलँडशी १९५०मध्ये करार झाल्यावर मद्रासजवळ एन्नोरला या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. नुसती चासी यायची आणि लाकडी केबिन आपल्याकडचे सुतार बांधायचे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला निघाली, ती मात्र बेडफर्ड या दुसऱ्या ब्रिटिश बनावटीची होती. मामांना त्या दिवसांबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

प्रेस्टनच्या आजोबांचं बोलणं मी लिहून ठेवलं आहे. तुमच्या घरात, वाड्यात बेडफर्ड किंवा कॉमेट चालवलेलं, तिची केबिन बांधलेलं, तिच्यावर क्लीनर म्हणून राबलेलं कुणी असेल, तर या दिवाळीला त्यांच्याजवळ बसा. घाटात कोणता गिअर घालायचे, रात्री कुठे थांबायचे, कोण जेवू घालायचं, हे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.