होस्ट्स फाईलमधली एक ओळ

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे तीस लिनक्स सर्व्हर होते. सगळीकडे एकच बदल करायचा तर मशीनच्या नावांची यादी घ्यायची, तिच्यावर फॉर लूप लावायचा, आत एसएसएच. झालं काम! बॅकअप सर्व्हरचा पत्ता होस्ट्स फाईलच्या शेवटी जोडणारी स्क्रिप्ट मी अशीच लिहिली आणि रोज रात्री चालेल अशी लावून दिली. रोज तीच ओळ पुन्हा जोडली जायची, पण बिघडत काहीच नव्हतं. मग पत्ता बदलला. नवी ओळ इमानदारीत तळाशी जाऊन बसली. पण ही फाईल वरून खाली वाचली जाते, त्यामुळे आधी सापडायचा तो जुनाच पत्ता. बॅकअप जुन्या मशीनवरच जात राहिला. आम्ही ते मशीन दुसऱ्या कामासाठी पुसलं, आणि त्याच आठवड्यात एकाने चुकून उडवलेला डेटाबेस परत हवा होता. नव्या मशीनवर गेले, तर फोल्डर रिकामं. आणि माझी स्क्रिप्ट? एकदाही फेल झाली नव्हती.

आता जाऊ नॉर्वेला. १९९३ साली ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचा भौतिकशास्त्रज्ञ विभागातले संगणक सांभाळत होता. युनिक्सच्या जाती अनेक, प्रत्येकीच्या सवयी वेगळ्या, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये कामापेक्षा 'हे असेल तर ते' जास्त. त्याने सीएफइंजिन लिहिलं. त्यात काय करायचं ते सांगायचं नाही, मशीन कसं असायला हवं ते सांगायचं. 'ओळ जोड' नाही, 'ही ओळ असायला हवी'. असेल तर हात लावायचा नाही. दहादा चालवा, निकाल तोच. याला आयडेम्पोटंट म्हणतात. शब्द गणितातला आहे, बिचकू नका. १९९८ मध्ये बर्जेसने याची तुलना शरीराच्या प्रतिकारशक्तीशी केली: मशीन बिघडत राहणारच, ते पुन्हा पुन्हा ठीक स्थितीकडे ओढत राहायचं.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. २००२ मध्ये स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राउन यांनी निबंध लिहून सांगितलं की क्रम महत्त्वाचा असतो. दोन मशीन सारखी हवीत तर तेच बदल त्याच क्रमाने करा. मला हा वाद फार आवडतो, कारण दोन्ही बाजू आपापल्या अनुभवाने भाजलेल्या होत्या.

सीएफइंजिन वापरून कंटाळलेल्या ल्यूक केनिसने २००५ मध्ये पपेट आणलं. त्यात कशावर काय अवलंबून आहे ते तुम्ही सांगायचं, फाईलमधल्या क्रमावर भिस्त ठेवायची नाही. नवशिक्यांची काय तारांबळ उडायची! २०१५ च्या पपेट ४ मध्ये शेवटी लिहिलेला क्रमच डिफॉल्ट झाला. म्हणजे ट्रॉगॉटचा मुद्दा थोडा का होईना, मागच्या दाराने आत आला. मधल्या काळात २००९ ला शेफ आणि २०११ ला सॉल्ट आलं, त्यांच्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

२०१२ मध्ये मायकल डिहानने अॅन्सिबल काढलं. हे नाव उर्सुला ले ग्विनच्या विज्ञानकथांमधल्या, कितीही अंतरावर क्षणात निरोप पोचवणाऱ्या यंत्राचं. मशीनवर एजंट बसवायची गरज नाही, एसएसएच आणि पायथन पुरे. प्लेबुक वरून खाली चालतं, पण प्रत्येक पायरी आधी स्थिती तपासते. माझ्या मते ते पसरलं ते याच तडजोडीमुळे. ज्यांना फॉर लूप येत होता त्यांना ते ओळखीचं वाटलं. २०१५ मध्ये रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली.

पण एक गंमत. प्लेबुकमध्ये शेल मॉड्यूल वापरून मी माझी जुनी आज्ञा तशीच घातली असती, तर अॅन्सिबलने ती रोज निमूटपणे चालवली असती. ओळीसाठी त्यात लाइनइनफाइल नावाचं मॉड्यूल आहे. मात्र पॅटर्न दिला आणि जुळणाऱ्या ओळी अनेक असल्या, तर ते फक्त शेवटची बदलतं. म्हणजे माझ्या त्या फाईलमध्ये वरचा जुना पत्ता तसाच राहिला असता! आधी 'जुन्या पत्त्याची ओळ नसावी' असं सांगायचं, मग त्या सगळ्या जातात, आणि त्यानंतर नवी ओळ. हो, याच क्रमाने.