प्रवाळ मत्स्यालयातील शैवाल नियंत्रण

प्रवाळ मत्स्यालयातील शैवाल नियंत्रण म्हणजे खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात खडक, वाळू, काच व प्रवाळ यांवर वाढणारे उपद्रवी शैवाल मर्यादेत ठेवण्याची कार्यपद्धती होय. शैवाल हा प्रवाळ परिसंस्थेचा नैसर्गिक घटक असल्याने त्याचे समूळ उच्चाटन शक्य नसते आणि इष्टही नसते. पाण्यातील पोषकद्रव्ये, प्रकाश, प्रवाह आणि शैवालभक्षक प्राणी यांचा समतोल राखणे हे नियंत्रणाचे मूलतत्त्व आहे. हा समतोल ढळल्यास शैवाल प्रवाळांच्या ऊती झाकून टाकते व त्यांचा प्रकाश अडवते. उलटपक्षी, शैवालाच्या नाशासाठी पाणी पूर्णपणे पोषकद्रव्यरहित केल्यास प्रवाळांचीही उपासमार होते.

पार्श्वभूमी

प्रवाळ खडक बांधणारे बहुतेक प्रवाळ आपल्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल बाळगतात. प्रकाशसंश्लेषणातून हे शैवाल जे अन्न तयार करते त्यावर प्रवाळांचे बरेचसे पोषण होते. त्यामुळे ज्या प्रकाशात प्रवाळ जगतात त्याच प्रकाशात उपद्रवी शैवालही वाढू शकते. समुद्रात या वाढीला दोन गोष्टींचा आळा बसतो : पाण्यातील पोषकद्रव्यांचे अत्यल्प प्रमाण आणि शैवाल सतत कुरतडणारे मासे, गोगलगायी व सी-अर्चिन.

चरणारे प्राणी नाहीसे झाल्यास काय घडते, याचे उदाहरण कॅरिबियन समुद्रात पाहावयास मिळाले. १९८३-८४ मध्ये तेथील डायाडेमा अँटिलारम या लांब काट्यांच्या सी-अर्चिनपैकी बहुसंख्य प्राणी रोगाने मृत्युमुखी पडले. अतिमासेमारीमुळे शैवालभक्षक मासे आधीच घटलेले होते. परिणामी जमैकासह अनेक ठिकाणच्या प्रवाळ खडकांवर शैवालाचे आच्छादन पसरले. मत्स्यालयात अशी परिस्थिती लवकर उद्भवते, कारण तेथे पाण्याचे आकारमान अल्प असते आणि माशांना घातलेल्या अन्नातील नायट्रोजन व फॉस्फरस बाहेर काढल्याखेरीज पाण्यातच साठत राहतात.

कारणे

अतिरिक्त अन्न, माशांची दाटी आणि साचलेला गाळ ही पोषकद्रव्ये वाढण्याची प्रमुख कारणे आहेत. गोठवलेल्या अन्नाचे वितळलेले पाणी टाकीत गेल्यास त्यातूनही फॉस्फेट मिसळते. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट असू शकतात.

पाण्याच्या चाचणीचा अर्थ लावताना दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, भरपूर वाढलेले शैवाल पोषकद्रव्ये तत्काळ शोषून घेत असल्याने चाचणीत फॉस्फेट शून्य दिसू शकते. अशा वेळी पाणी स्वच्छ असल्याचा निष्कर्ष चुकीचा ठरतो. दुसरी, कॅल्शियम कार्बोनेटचे खडक व वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण उतरल्यावर ते हळूहळू सोडतात. त्यामुळे योग्य उपाययोजना केल्यानंतरही परिणाम दिसण्यास काही आठवडे किंवा महिने लागू शकतात.

प्रकार

उपाय प्रकारानुसार बदलत असल्यामुळे प्रथम योग्य ओळख पटणे आवश्यक असते.

डायाटम : नव्या टाकीत वाळूवर व काचेवर येणारा तपकिरी थर. पाण्यातील सिलिकेट संपत आल्यावर तो बहुधा आपोआप ओसरतो.

हिरवे तंतुशैवाल : डर्बेसिया व तत्सम शैवालांचे केसांसारखे झुपके. पिसासारखी रचना असलेले ब्रायोप्सिस हे अधिक चिवट असते.

बुडबुडा शैवाल : व्हॅलोनिया या प्रजातीचे चकचकीत हिरवे गोळे. प्रत्येक गोळा ही एकच मोठी पेशी असते.

सायनोबॅक्टेरिया : लालसर किंवा जांभळट बुळबुळीत थर. यांना नील-हरित शैवाल म्हटले जात असले, तरी ते प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत.

डायनोफ्लॅजेलेट : हवेचे बुडबुडे अडकलेला तपकिरी, चिकट थर. त्यांतील काही जाती विषारी असून ते खाणाऱ्या गोगलगायी मरू शकतात. डायाटमपासून ते निश्चितपणे वेगळे ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो.

खडकांवर येणारे गुलाबी-जांभळे, कठीण कोरलाइन शैवाल उपद्रवी मानले जात नाही. ते खडकांचा पृष्ठभाग व्यापून इतर शैवालांना जागा मिळू देत नाही.

नियंत्रणाच्या पद्धती

पाण्याची शुद्धता

समुद्री मीठ मिसळण्यासाठी आणि बाष्पीभवनाची भरपाई करण्यासाठी आरओ व त्यानंतर आयन-विनिमय प्रक्रिया केलेले पाणी वापरतात. त्यातील विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण शून्याच्या जवळ असावे लागते. भारतात घरोघरी असलेली अनेक आरओ यंत्रे चवीसाठी पाण्यात काही क्षार राखतात किंवा पुन्हा मिसळतात. असे पाणी या कामास योग्य नसते. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पाण्यात सांडपाण्यातील पोषकद्रव्ये असू शकतात. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यामुळे त्याची लवणताही उतरते.

पोषकद्रव्यांचे निष्कासन

प्रोटीन स्किमर हे उपकरण सूक्ष्म बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय पदार्थ कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. फॉस्फेट शोषण्यासाठी फेरिक ऑक्साइडचे दाणे वापरले जातात. काही टाक्यांना जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे शैवाल हेतुपुरस्सर वाढवतात व वेळोवेळी कापून काढतात. त्याबरोबर त्याने शोषलेली पोषकद्रव्येही निघून जातात. हा कप्पा रात्री प्रकाशित ठेवल्यास पाण्याच्या सामूची रात्रीची घट कमी होते. याच तत्त्वावर चालणारी शैवाल-जाळीची पद्धत स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी विकसित केली. पाण्याचा काही भाग नियमितपणे बदलणे हा सर्वांत साधा उपाय होय.

शैवालभक्षक प्राणी

ट्रोकस व टर्बो या गोगलगायी, सी-अर्चिन, टँग मासे आणि सॅलॅरियस फॅसिएटस हा ब्लेनी मासा शैवाल खातात. एमराल्ड खेकडा बुडबुडा शैवाल खातो. टँग माशांना पोहण्यासाठी मोठी जागा लागत असल्याने लहान टाकीत केवळ शैवालासाठी ते ठेवणे अयोग्य ठरते. शैवाल संपल्यावर या प्राण्यांना वेगळे अन्न पुरवावे लागते, अन्यथा ते उपाशी मरतात.

हाताने काढणे

लांब तंतू प्रथम हाताने उपटून नळीने पाण्यासह बाहेर शोषून घेतात. गोगलगायी लांब तंतूंपेक्षा आखूड वाढ अधिक खातात, म्हणून हे काम आधी करणे उपयुक्त ठरते. उपटलेले तुकडे टाकीत राहिल्यास ते इतरत्र रुजतात किंवा कुजून पोषकद्रव्ये परत पाण्यात सोडतात.

प्रकाश व औषधे

प्रकाशाचा कालावधी घटवल्याने किंवा टाकी सुमारे 3 दिवस झाकून ठेवल्याने काही प्रकार ओसरतात. परंतु मूळ कारण कायम राहिल्यास ते परततात. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध आणि सायनोबॅक्टेरियावर प्रतिजैविके वापरली जातात. प्रतिजैविकांमुळे उपयुक्त जीवाणूंनाही बाधा पोहोचू शकते. शिवाय एकाच वेळी पुष्कळ शैवाल मेल्यास ते कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

अतिनियंत्रणाचे धोके

नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणल्यास प्रवाळ फिकट पडतात आणि त्यांची वाढ खुंटते. स्पर्धक शैवाल व जीवाणू दुर्बल झाल्यामुळे अशा टाकीत डायनोफ्लॅजेलेटांचा उद्रेक होण्याचा संभव असतो. म्हणून अनेक मत्स्यपालक नायट्रेट प्रतिलिटर सुमारे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत ठेवतात. प्रमाण वाढलेले असल्यास ते सावकाश उतरवले जाते, कारण फॉस्फेट एकाएकी घटल्यास प्रवाळांच्या ऊती गळून पडू शकतात.

पर्यावरणीय व कायदेशीर बाजू

काढलेले शैवाल गटारात, खाडीत किंवा समुद्रात टाकणे धोक्याचे असते. मत्स्यालयांत वाढवली जाणारी कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही जात १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयाजवळच्या समुद्रात आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. २००० मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडली. तेथे तिच्यावर ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडण्यात आले व २००६ मध्ये तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. काढलेले शैवाल पूर्ण वाळवून किंवा गोठवून कचऱ्यात टाकणे सुरक्षित मानले जाते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कठीण प्रवाळांना संरक्षण आहे. त्यामुळे मालवणसारख्या किनाऱ्यांवरून मत्स्यालयासाठी प्रवाळ गोळा करणे हा गुन्हा ठरतो.

हेही पाहा

प्रवाळ
शैवाल
मत्स्यालय
मालवण सागरी अभयारण्य