लाल झग्याचा पक्षी

हवाई बेटांच्या अरण्यांत ‘इइवी’ नांवाचा एक चिमुकला पक्षी आहे. अंग शेंदरी लाल, पंख काळे, चोंच विळ्यासारखी वांकलेली. ती नळीसारख्या फुलांत घालून तो मकरंद पितो. दिसण्यांत आपल्या शिंजिराचा भाऊ वाटला, तरी कुळानें निराळा.

त्याच्या पिसांची मान मोठी. जानेवारी १७७९ मध्यें केअलाकेकुआ उपसागराच्या कांठीं राजा कलानिओपुऊ यानें आपल्या अंगावरील लाल-पिवळ्या पिसांचा झगा काढून कॅप्टन कुकच्या खांद्यांवर घातला. (महिनाभरांतच कुक तेथें मारला गेला, ती कथा वेगळी.) अशा एकेका झग्यास हजारों पक्षी लागत. तेव्हां राजांच्या हौसेनेंच हा पक्षी संपत आला, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. राजांच्या कित्येक पिढ्या झगे ल्याल्या, तरी एकोणिसाव्या शतकांतही इइवी बेटोबेटीं विपुल होता.

घात केला डासानें. या बेटांवर पूर्वीं डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास माउई बेटावरील लाहैना येथें जहाजावरील पाण्याच्या पिंपांतून ते उतरले, असें मानतात. मागाहून परदेशी पक्ष्यांबरोबर पांखरांचा हिवताप आला. प्रयोगांत एकाच दंशानें दहांपैकीं नऊ इइवी दगावले! आतां तो मुख्यतः उंच, थंड डोंगरांवरच उरला आहे. थंडींत हा जंतु डासाच्या शरीरांत वाढत नाहीं. परंतु हवा तापत आहे, आणि डास वर चढत आहेत. म्हणून २०२३ मध्यें माउईच्या अरण्यांत हेलिकॉप्टरमधून विशिष्ट नर डास सोडण्यास प्रारंभ झाला. त्यांच्याशीं संयोग झालेल्या तेथील माद्यांचीं अंडीं फुटत नाहींत. आणि नर डास तर चावतच नाहीं.